वॉटरबेडवर अंथरायचं काय? पातळ, सुती आणि जरा ढिलं

परवा गल्लीतल्या एका वहिनींचा फोन आला. त्यांच्या सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आलाय, डॉक्टरांनी वॉटरबेड घ्या म्हणून सांगितलंय, बेड आणला पण आता त्यावर अंथरायचं काय, साधी चादर चालते का स्पेशल मिळते, दुकानदार तर म्हणतोय जाड प्रोटेक्टर घेऊन जावा म्हणून. मी म्हटलं थांबा वहिनी, काय घेऊ नका, संध्याकाळी मी येतो. (हो, आम्ही कोल्हापूरच्या बायका ‘येतो’च म्हणतो, पुण्याच्या लोकांनी हसायचं असेल तर हसा.) त्यांना जे तासभर बसून सांगितलं तेच इथं लिहितेय, कारण ह्याच एका प्रश्नावर आमच्या घरात साडेपाच हजार रुपये पाण्यात गेलेत, आणि तेसुद्धा वॉटरबेडच्या पाण्यात नाही, नुसतेच.

झालं असं. सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मग चारपाच महिने त्या अंथरुणालाच होत्या. वॉटरबेड आला. आमच्या ह्यांनी लगेच मोबाईलवर शोधलं ‘वॉटरबेडची चादर’, आणि एक परदेशी सेट मागवला, गडद निळा, मऊशार, फोटोत एकदम भारी. घरी आल्यावर उघडला तर सहा फूट बाय सात फूट! आमचा बेड तीन बाय सहा. कोपऱ्यांना खोल खोल खिसे, आणि वरची चादर खालच्या चादरीला पायाकडच्या बाजूला शिवूनच टाकलेली, म्हणजे माणसाला पाकिटात घालून ठेवायचं असतंय तसं. जाऊबाई म्हणाल्या, ह्यात आईंना घालायचं का पोस्टात टाकायचं?

तो सेट खराब नव्हता, तो वेगळ्याच वॉटरबेडचा होता. हे आधी समजून घ्यायला पाहिजे, कारण इंटरनेटवर वॉटरबेडच्या अंथरुणाबद्दल जे काय सापडतं ते बहुतेक सगळं त्या दुसऱ्याबद्दलचंच असतं.

तर वॉटरबेड दोन प्रकारचे. एक अमेरिकेतला शौकाचा. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चार्ल्स हॉल नावाच्या एका डिझाईन शिकणाऱ्या पोरानं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तो बनवला, त्याआधी त्यानं मक्याच्या स्टार्चचा लगदा भरून एक खुर्ची करून बघितली होती, ती जमली नाही, मग जेली भरून बघितली, तीही नाही, शेवटी साधं पाणी. १९७१ ला पेटंट मिळालं आणि पुढची पंधरावीस वर्षं तिकडं त्याची नुसती लाट होती. हा बेड म्हणजे लाकडाची मोठी चौकट, त्यात व्हिनाईलची, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकची, पाण्यानं भरलेली पिशवी, खाली पाणी कोमट ठेवायला हीटर. पिशवी आणि लाकूड ह्यांच्या फटीत चादर खोचायची असते, साधी चादर खोचली की रात्रीत निघून येते, म्हणून ते खोल खिसे आणि ती शिवलेली टोकं. सहा बाय सात हे त्या चौकटीच्या बेडचं अगदी नेहमीचं माप. वीस सेंटिमीटर पाणी धरलं तरी त्यात साडेसातशे लिटरच्या वर पाणी बसतं, म्हणजे साडेसातशे किलो! आमच्या पेठेतल्या जुन्या घरांच्या माडीवर तसला बेड ठेवला तर तो तळमजल्यावरच झोपायला येईल.

नंतर त्यात दुसरा अवतार आला, कडेनं फोमची भिंत आणि वर कापडाचं झाकण, बाहेरनं बघून साधी गादीच वाटते, त्याला साधी फिटेड (कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली) चादर चालते, फक्त गादीची उंची मोजून घ्यायची. कुणाकडं असलाच तसला बेड तर एवढंच लक्षात ठेवा आणि पुढं निघा.

दुसरा प्रकार आपल्याकडचा, आजारपणातला. रबर चढवलेल्या कापडाची साधारण तीन बाय सहा फुटाची पिशवी, मेडिकलच्या नाहीतर सर्जिकलच्या दुकानात मिळते, गादीवर पसरायची, जागेवरच पाईपनं भरायची, हवा काढायची, बूच घट्ट लावायचं. भरल्यावर चार इंच उंच. सरासरी सहा सेंटिमीटर पाणी धरलं तर शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो. भरल्यावर उचलायच्या भानगडीत पडू नका. गंमत म्हणजे हा आजारपणातला प्रकार शौकाच्या बेडपेक्षा फार जुना आहे, नील आरनॉट नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टरनं १८३० च्या दशकातच अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसाठी पाण्याचा बेड केला होता. म्हणजे मूळ काम हेच, पाठीला जखमा होऊ नयेत.

आता जखमा का होतात आणि पाणी त्यात काय करतं हे कळलं की चादरीचं आपोआप कळतं, म्हणून जरा शाळेतलं विज्ञान सहन करा.

माणूस कडक जागेवर उताणा झोपला की त्याचं वजन काय सगळ्या पाठीवर सारखं पडत नाही. माकडहाड, टाचा, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, असल्या चारपाच टोकांवर पडतं. तिथं हाड आणि गादीच्या मधे कातडी चिमटते, बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही. तुम्हीआम्ही झोपेतसुद्धा कूस बदलतो म्हणून आपल्याला काही होत नाही. ज्याला कूस बदलता येत नाही त्याची कातडी काही तासांत बिघडायला लागते. पाण्याचं तसं नाही. पाणी अंगाच्या आकाराप्रमाणं खाली जातं, कंबरेच्या खळग्यात वर येतं, आणि एका पातळीवर सगळीकडं सारखाच दाब देतं, हाच तो शाळेतला पास्कलचा नियम. साठ किलोचा माणूस धरा आणि पाण्याला टेकलेली पाठीची जागा अर्धा चौरस मीटर धरा, तर एका चौरस सेंटिमीटरला बारा ग्रॅम वजन येतं. बारा ग्रॅम म्हणजे किती, दोन रुपयाची दोनतीन नाणी. तेच सगळं वजन टाचेच्या आणि माकडहाडाच्या टोकांवर आलं तर काय होईल ते सांगायला नको.

पण हे सगळं कधी, पाणी अंगाला चिकटून बसलं तर. आता एक प्रयोग करा. पातेलं पाण्यानं काठोकाठ भरा, त्यावर चक्का बांधतो तसं फडकं घट्ट ताणून बांधा, आणि वर एक लिंबू ठेवा. लिंबू फडक्यावर एका टोकावर टेकून बसेल, खालचं पाणी त्याला मिठी मारायला वर येऊच शकणार नाही, कारण वजन पाण्यानं नाही, फडक्यानं उचललंय. आता फडकं ढिलं करा. लिंबू खाली बसेल आणि कापडासकट पाणी त्याला सगळीकडनं धरेल. झालं, वॉटरबेडवरच्या चादरीचं सगळं शास्त्र एवढंच आहे. चादर ताणून खोचली की वॉटरबेडची झोळी होते, पैसे पाण्याचे दिले आणि झोपवलं झोळीत.

ह्यात बायकांची फार पंचाईत होते, कारण चादर कशी, तर कडक ताणलेली, एक घडी नको, असंच आपल्याला आयुष्यभर शिकवलेलं असतं. मीसुद्धा पहिले आठ दिवस चादर गादीखाली घालून ढोलासारखी ताणत होते आणि स्वतःवर खूश होते. घरी ड्रेसिंगला एक सिस्टर यायच्या, त्यांनी आल्या आल्या हात फिरवला आणि म्हणाल्या, “ताई, बेड एवढा चांगला आणलाय आणि वरनं फळी का ठोकलीय?”

मग ढिली म्हणजे किती? लय ढिली ठेवली की चुण्या पडतात आणि ती एक चुणीसुद्धा नाजूक कातडीला दोरीसारखी रुतते. सिस्टरनी दाखवलेली खूण मी अजून वापरते: बेडच्या मधोमध चादर चिमटीत धरायची, दोन बोटं सहज वर उचलली गेली पाहिजे, आणि सोडल्यावर हातानं सपाट होऊन बसली पाहिजे. उचललीच नाही तर घट्ट, सपाट बसलीच नाही तर जास्त ढिली. खोचायची ती पाण्याच्या पिशवीची कड जराशी उचलून तिच्याखाली, सगळ्या गादीखालनं ओढून नाही. आणि पेशंट झोपल्यावर एकदा चारी बाजूंनी हात फिरवून ढिलाई परत बघायची, कारण माणूस आत बसला की कापड ओढलं जातं.

आता कापड कुठलं. इथं आपण कोल्हापूरकर नशीबवान, कारण पाऊण तासावर इचलकरंजी आहे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथं पहिला यंत्रमाग बसवला आणि आज ते गाव काय आहे ते सांगायची गरज नाही. पॉपलीन, केंब्रिक, मांजरपाट, असलं साधं सुती कापड तिथं तयार होतं आणि आपल्याला ते कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारात मिळतं. (गांधीनगरची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही, दुसऱ्या महायुद्धात तिथं वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते ४८, पाचेक हजार पोलिश माणसं, आणि ती गेल्यावर त्याच जागेत फाळणीत आलेले सिंधी लोक वसले, त्यांनीच ही कापडाची बाजारपेठ उभी केली. असो, चादरीकडं या.)

दुकानात गेलात की तुम्हाला थ्रेड काउंट सांगतील, चारशे, सहाशे, हजार. थ्रेड काउंट म्हणजे एका इंचाच्या चौकोनात उभे आणि आडवे मिळून किती धागे बसलेत. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं असं काही नाही, एका ठराविक हद्दीपुढं एवढे धागे बसतच नाहीत, मग एकात दोन पिळलेला धागा दोन म्हणून मोजतात आणि आकडा फुगवतात. आपल्याला आकडा नको, आपल्याला हवा जाऊ देणारं, घाम शोषणारं, रोज धुतलं तरी टिकणारं आणि लवकर वाळणारं कापड पाहिजे. साधी वीण, एक धागा वर एक धागा खाली, हीच त्याला बरी. सॅटिन विणीचं गुळगुळीत दिसतं पण त्याचे धागे लवकर ओढले जातात. मायक्रोफायबर हातात मऊ लागतं, स्वस्तही असतं, पण ते पॉलिस्टर, घाम शोषत नाही, आणि वॉटरबेडवर हेच सगळ्यात वाईट.

कारण खाली रबर आहे. साध्या कापसाच्या गादीत घाम आत मुरतो, हवा खेळते. रबरातनं काहीच जात नाही. पाठीखाली घाम साचला की कातडी पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी पांढरी, मऊ, भिजकी होते आणि असली कातडी जरा घासली तरी सोलते. म्हणजे तो घाम धरायचं काम त्या एकट्या चादरीवर आहे. म्हणून शंभर टक्के सुती, ह्यात तडजोड नाही, बाकी सगळ्यात करा.

मी काय केलं ते सांगते, हिशेबासकट. गांधीनगरातनं ६३ इंची पन्ह्याचं केंब्रिक घेतलं, मला तेव्हा सत्तर रुपये मीटरनं मिळालं. पावणेतीन मीटरचा एक तुकडा, असे चार, म्हणजे अकरा मीटर, सातशे सत्तर रुपये. पावणेतीन का, तर बेड ७२ इंच, दोन्हीकडची उंची चार चार इंच, झाले ८०, आणि पावणेतीन मीटर म्हणजे १०८ इंच, धुतल्यावर आटून समजा १०३ राहिलं तरी डोक्याकडं आणि पायाकडं अकरा अकरा इंच खोचायला मिळतं. रुंदीत ६३ चे आटून ६० राहिले, ३६ अधिक ८ गेले, बाजूला आठ आठ इंच. बाजारातली तयार सिंगल चादर बहुतेक ६० बाय ९० असते, ती रुंदीला पुरते पण लांबीला दोन्हीकडं फक्त पाचच इंच उरतात, ती पायाकडनं निघते, मग आपण ताणतो, मग परत झोळी. टेलरकडनं नुसत्या कडा दुमडून घेतल्या आणि चारी कोपऱ्यांना वीतभर इलॅस्टिक लावून घेतलं, घट्ट नाही, नुसतं कोपरा धरून ठेवण्यापुरतं. सगळं मिळून हजाराच्या आत. आणि घरात जुन्या डबलबेडच्या सुती चादरी असतील तर हे पण नको, त्या कापा, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड नव्यापेक्षा कधीही बरं.

नवं कापड असेल तर त्यात खळ असते, विशेष करून मांजरपाटात. रात्रभर भिजत घालून दोनतीनदा धुतल्याशिवाय पेशंटखाली घालू नका, कोरं मांजरपाट कातडीला अगदी गोणपाट लागतं.

चार चादरी का? एक अंगाखाली, एक धुण्यात, एक दोरीवर, एक कपाटात. आणि जून ते सप्टेंबर असेल तर सहा करा, कारण कोल्हापूरचा पाऊस लागला की चार चार दिवस कापड वाळत नाही, कुबट वास येतो, आणि दमट चादर म्हणजे घाम आधीच घालून दिल्यासारखं. आमच्याकडं पंख्याखाली वाळवून वर इस्त्री फिरवायचो, इस्त्रीनं उरलीसुरली ओल जाते. खळ, नीळ, ते वासाचं सॉफ्टनर, काही नाही. सॉफ्टनरचा कापडावर थर बसतो आणि मग सुती असून पाणी शोषत नाही. साबण मात्र नीट निघाला पाहिजे, एक पाणी जास्त.

माझ्या मते ह्या सगळ्यात सगळ्यात कामाची वस्तू फुकट मिळाली. सासूबाईंची जुनी सुती लुगडी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, त्याचे दोन दोन मीटरचे चार तुकडे होतात, आणि पन्हा साधारण पंचेचाळीस इंच. हा तुकडा मोठ्या चादरीवर आडवा टाकायचा, खांद्यापासून मांडीपर्यंत, दोन्ही टोकं बाजूला लोंबती ठेवायची. खराब झालं तर नुसतं हे बदलायचं, खालची चादर तशीच. आणि कूस बदलताना दोघांनी दोन बाजूंनी ही टोकं धरून उचलून वळवायचं, माणसाला ओढायचं नाही, कारण ओढलं की कातडी घासते. हॉस्पिटलमध्ये ह्यालाच ड्रॉ शीट म्हणतात आणि विकतचीही मिळते, पण पन्नास वेळा धुतलेल्या लुगड्याचा मऊपणा विकत मिळत नाही. सासूबाई पहिल्या दिवशी हात फिरवून म्हणाल्या, “हे माझं निपाणीचं न्हवं का गं?” मी म्हटलं हो. म्हणाल्या, “बरं केलंस, नेसायला कुठं जमतंय आता.”

आता थरांचं. इथं लोक मायेपोटी चुका करतात. वॉटरबेड, त्यावर प्लास्टिक, त्यावर वाकळ, त्यावर चादर, त्यावर मॅकिंटॉश (म्हणजे रबरी शीट), त्यावर अंडरपॅड (ओल शोषणारं पॅड), त्यावर टॉवेल. प्रत्येक थर पाण्याला अंगापासनं जरा जरा लांब नेतो. वाकळ तर घालूच नका, मला माहितीय आजीच्या हातची आहे, पण तिच्या टाक्यांच्या उंचवट्यांवर पातळ माणसाचं माकडहाड टेकलं की ते दिवसरात्र तिथंच टेकून राहतं. सोलापुरी चादर पण तशीच, पांघरायला फर्स्ट क्लास, अंथरायला खरबरीत. ते जाड शिवणीचं प्रोटेक्टर पण नको. शौकाच्या वॉटरबेडवर पॅड घालतात हे खरं, पण तिथं धडधाकट माणूस झोपतो, रात्रीत वीसदा वळतो.

आणि प्लास्टिक कशासाठी, हे मी वहिनींना विचारलं तर म्हणाल्या बेड खराब होऊ नये म्हणून. अहो बेडच रबराचा आहे! त्याला काय होतंय, ओल्या फडक्यानं पुसला की झालं. वॉटरप्रूफ वस्तूला वॉटरप्रूफ झाकण म्हणजे छत्रीला रेनकोट. काळजी खालच्या गादीची असेल तर प्लास्टिक वॉटरबेडच्या खाली घाला, वर नाही. लघवीचं कंट्रोल नसेल तर कंबरेखाली फक्त एक अंडरपॅड, तेवढ्याच जागेत, आणि ओलं झालं की लगेच बदलायचं. मॅकिंटॉश ड्रेसिंग नाहीतर एनिमाच्या वेळी घालायचा आणि काम झालं की काढायचा. माझा नियम एक चादर, एक आडवा तुकडा, लागलंच तर एक पॅड. तीनच्या वर चौथं काय आलं की मी ते काढून टाकायची, मग ते कुणी का आणलेलं असेना. नणंदबाई त्यावरनं दोन दिवस बोलल्या नाहीत, त्यांनी मेंढीच्या लोकरीसारखं दिसणारं काहीतरी नायलॉनचं आणलं होतं.

थंडीचा प्रश्न मात्र खरा आहे. पाणी खोलीच्या तापमानाला येतं, आणि कातडी असते तेहतीसेक डिग्रीला. पाणी हवेच्या वीसपंचवीस पट वेगानं उष्णता ओढतं, त्यामुळं डिसेंबरात पहाटे खोली पंधरासोळा डिग्रीला गेली की खालनं पाणी माणसाची ऊब रात्रभर पीत बसतं. अमेरिकेतल्या बेडला हीटर असतो तो ह्याचसाठी, अठ्ठावीस तीस डिग्रीला ठेवतात. आपल्या बेडला नसतो. इलेक्ट्रिक ब्लँकेट घालायचा विचार मनात पण आणू नका, ज्याला हलता येत नाही आणि कधी कधी चटका कळतही नाही त्याच्याखाली विजेची वस्तू नको. गरम पाणी भरून पण उपयोग नाही, काही तासांत ते परत खोलीएवढं गार होतं, आणि कडक गरम भरलं तर भाजायची भीती. आम्ही काय केलं, थंडीत केंब्रिकच्या ऐवजी सुती फ्लॅनेलची चादर घातली, लहान बाळांच्या दुपट्याला वापरतात ते कापड, ते जाड नाही पण त्याच्या लवेत हवा अडकते, बरीच ऊब येते. बाकी ऊब वरनं आणि अंगातनं द्यायची, सुती स्वेटर, मोजे, आणि खोलीचं दार बंद.

वरनं म्हणजे पांघरूण, त्यात एकच सांगणं. घोंगडं, जाड रग पायावर टाकला की पायाची बोटं खाली दाबली जातात आणि टाचा बेडमध्ये रुततात. पायाकडं पांघरूण खोचू नका, ढिलं सोडा. पोटरीखाली एक पातळ उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवल्या तर उत्तम. आणि ती भोक असलेली रिंग, ट्यूबसारखी, माकडहाडाखाली ठेवायला आणतात, ती नको. तिच्या कडेवर दाब येऊन मधल्या जागेचं रक्त आणखीनच अडतं.

बेडमध्ये पाणी किती हे चादरीइतकंच महत्त्वाचं, पण ते पटकन सांगते. पेशंट झोपलेला असताना त्याच्या कंबरेच्या खाली, बेडच्या आणि गादीच्या मधे, तळवा वर करून हात घाला. वर निदान इंचभर पाणी लागलं पाहिजे. हाड हाताला लागलं तर पाणी कमी. आणि बेड फुग्यासारखा टणक लागला तर जास्त, मग चादर कितीही ढिली घाला, उपयोग नाही. डोक्याकडची बाजू फार उचलू नका, सगळं पाणी पायाकडं पळतं आणि कंबर रिकामी पडते. पंपवाला हवेचा बेड असेल तरी चादरीचा नियम हाच, ढिली आणि एक, फक्त खोचताना त्याच्या नळ्या दुमडू देऊ नका.

सेफ्टी पिना! चादर निघतेय म्हणून कुणीतरी हमखास पिन लावतं. आमच्याकडं लावली होती, कुणी ते अजून कबूल केलेलं नाही. सकाळी सासूबाईंचा अर्धा परकर ओला, आम्हाला वाटलं वेगळंच, नंतर लक्षात आलं पाणी गार आहे. चादरीला इलॅस्टिक लावा, नाडी लावा, पिन नको, टाचणी नको, आणि सेवा करणाऱ्यानं अंगठ्या, टोकाच्या बांगड्या काढून ठेवायच्या. बारीक भोक असेल तर रबराच्या बेडला सायकलच्या पंक्चरवाल्याचं सोल्युशन आणि पॅच चालून जातो, आधी पाणी काढून कोरडा करायचा. व्हिनाईलचा असेल तर त्याचा पॅच वेगळा असतो.

आणि हे सगळं केलं म्हणून कूस बदलायचं थांबवायचं नाही बरं का. डॉक्टर सांगतील तसं, बहुतेक दर दोन तासांनी, वॉटरबेड असला तरी. चादर बदलताना पाठ बघायची, लालसर डाग दिसला तर बोटानं दाबून बघायचं, दाबल्यावर पांढरा झाला आणि परत लाल झाला तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरना दाखवायचं. सावळ्या अंगावर लाल दिसतच नाही कधी कधी, मग ती जागा हाताला गरम नाहीतर कडक लागते का ते बघायचं. तिथं तेल लावून चोळायचं नाही, आतली जखम वाढते. रंगीत, गडद चादर ह्याच कारणासाठी नको, त्यावर पाण्याचा, रक्ताचा बारीक डाग कळत नाही. पांढरी किंवा फिकी घ्या.

तर तो निळा सेट. मी एक दुपार बसून ब्लेडनं ती शिवण उसवली, बेडपासनं लांब, स्वयंपाकघरात. गडद रंग आणि पॉलिस्टर, त्यामुळं अंथरायला काही उपयोगाचा नव्हता. एका तुकड्याचं आता स्कूटरला कव्हर आहे, बाकीचे माळ्यावर.

सासूबाई आता वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातात. बेड आम्ही रिकामा करून, पुसून, चांगला वाळवून, आत रबराला रबर चिकटू नये म्हणून भरपूर पावडर मारून गुंडाळून ठेवला होता, तो गल्लीत दोन घरांत जाऊन आलाय. वहिनींकडं त्यांचा स्वतःचा आहे, म्हणून त्यांना फक्त चादरी दिल्या, चार केंब्रिकच्या आणि लुगड्याचे तीन तुकडे. चौथा सासूबाईंनी ठेवून घेतला, म्हणाल्या, “एक असू दे, पाय पुसायला.” पण तो घडी घालून त्यांच्या उशीखाली असतो.